दोघांचा एक कौल

दादासो पलटणीतून परत आला तो १९४६ सालच्या चैत्रात. तिसऱ्या दिवशी वाडीची चार वडीलधारी माणसं त्याला बिरोबाच्या पूजेचं सांगायला आली. त्याने त्यांना घोंगडीवर बसवलं, आईला चहा करायला लावला (चहाची पूड आणि चहाची सवय दोन्ही तो पलटणीतून घेऊन आला होता), आणि सरळ सांगून टाकलं की देवळात आहे तो दगड आहे आणि आपण त्याला पाणी घालणार नाही.

दुसऱ्या कुणी असं म्हटलं असतं तर लोकांनी हसण्यावारी नेलं असतं. देव न मानणारा माणूस खेड्याला काही नवा नसतो. प्रत्येक वाडीत एखादा असतोच, आणि जत्रेच्या जेवणाला तोच पहिल्या पंगतीला बसलेला असतो. पण दादासो हा तात्याबा पुजाऱ्याचा एकुलता एक मुलगा. सात पिढ्या त्याच्या घराने बिरोबाला अंघोळ घातली होती.

हिवरवाडी ही औंध संस्थानातल्या आटपाडीकडची, तीसेक उंबऱ्यांची धनगरांची वाडी. तिकडे पाऊस मनात आलं तर पडतो. दिवाळी झाली की मेंढरं घेऊन माणसं खाली कृष्णाकाठाला उतरायची, बागायतदारांच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, आणि पाऊसकाळ तोंडावर आला की माघारी. असं अर्धं वर्ष पायांवर काढणाऱ्या माणसांना डॉक्टर, वकील, मामलेदार ह्यांच्यापैकी कुणीच वेळेला भेटत नाही. बिरोबा भेटायचा. मेंढरू हरवलं, सून नांदेना, पोर अंथरुणाला खिळलं, की पुजाऱ्याकडे जाऊन कौल लावायचा. हळदीने माखलेल्या त्या बिननाकाडोळ्यांच्या दगडाच्या डाव्या-उजव्या अंगाला पुजारी ओल्या बोटाने कण्हेरीची एकेक पाकळी चिकटवायचा. ज्याचं गाऱ्हाणं असेल त्याने प्रश्न विचारायचा. उजवी पाकळी आधी पडली तर होय, डावी पडली तर नाही. रोजची पूजा भाऊबंदांपैकी कुणीही करावी, पण कौल लावायचा तो तात्याबाच्या घरातल्याच हाताने. तात्याबा १९४४ साली तापाने गेला, मुलगा समुद्रापलीकडे. तेव्हापासून चुलतभाऊ जोतिबा दिवाबत्ती करत होता आणि वाडीचे प्रश्न तुंबून राहिले होते.

त्यातला सगळ्यात मोठा प्रश्न तानुबाईचा. आणि दादासोला पूजा नको होती ती त्या प्रश्नामुळेच, हे कळायला लोकांना बरेच महिने लागले.

तानुबाईचा मुलगा धुळा आणि दादासो एका वयाचे. दोघांनी एकत्र मेंढरं राखली, एकत्र मार खाल्ला, आणि १९४१ साली दुष्काळाने मेंढरं निम्मी झाल्यावर एकत्रच भरतीला नावं दिली. नेणारा हवालदार बूट घालून देवळाबाहेर उभा होता आणि दर दोन मिनिटांनी घड्याळ बघत होता. आत दोघांच्या आया, तानुबाई आणि दादासोची हरणाबाई. रिवाज असा की एका माणसाचा एक कौल. कुणाचं गाऱ्हाणं कुणाच्या गाऱ्हाण्यात मिसळायचं नाही. पण पाकळी कधी घटकाभर पडत नाही, आणि लॉरी आटपाडीच्या बाजारात थांबलेली. तात्याबा म्हणाला, "दोघी मिळून मागा. पोरं एका जागीच जायाची. देवाला काय कळत न्हाई व्हय?" मग तानुबाईने आणि हरणाबाईने एका सुरात विचारलं, पोरं माघारी येतील का? शब्द संपायच्या आत उजवी पाकळी पडली. तात्याबाने दोघांच्या गळ्यात भंडाऱ्याच्या पुरचुंड्या बांधल्या. दोन्ही आया हसत हसत वेशीपर्यंत आल्या. लढाईला जाणाऱ्या मुलांना असं हसून कुणी निरोप दिला असेल असं वाटत नाही.

आणि माघारी आला एक.

धुळाचं काय झालं ते दादासोला पुरतं ठाऊक होतं. इटलीत, १९४३ च्या नोव्हेंबरात, पावसाने फुगलेली एक नदी त्यांच्या पलटणीने ओलांडली. पलीकडच्या काठावर धुळा त्याच्या चार पावलं पुढे काडतुसांची पेटी घेऊन चालला होता. गोळा पडला, आणि त्याचा एक तुकडा धुळाच्या मानेत गेला. बस, एवढंच. दादासोने खंदक खणायच्या फावड्याने चिखलात खड्डा केला आणि त्याला त्यात ठेवलं. जाळायला लाकूड नव्हतं आणि वेळही नव्हता. दोन दिवसांनी नदी आणखी चढली आणि तो सगळा काठच तिने नेला. साहेब मंडळींनी त्याचं म्हणणं ऐकून घेतलं, पण प्रेत नाही, खूण नाही, म्हणून कारकुनाने लिहिलं ते 'बेपत्ता'. तोच कागद हिवरवाडीला आला आणि शाळामास्तराने तो तानुबाईला वाचून दाखवला. तिने विचारलं, बेपत्ता म्हणजे मेला का? मास्तर म्हणाला, तसं नाही लिहिलं. मग झालं, ती म्हणाली. देवाने सांगितलंच आहे.

काठ वाहून गेला त्या दिवशी दादासोने आपल्या गळ्यातली भंडाऱ्याची पुरचुंडी नदीत टाकली. पुढे दीड वर्ष तो त्याच देशात लढला. एका गावात छप्पर उडालेलं एक देऊळ त्याने पाहिलं. आत आईच्या मांडीवर बाळ बसलेलं, आणि बाळाला डोकं नव्हतं. तरी एक म्हातारी रोज येऊन मूर्तीवरची धूळ पुसायची आणि मेणबत्ती लावायची. दादासो मित्रांबरोबर हसला, आणि मग तिला आपला दुधाचा डबा देऊन आला. मेलेल्या जर्मनांच्या खिशातही क्रूस निघायचे. ह्या बाजूचा पाद्री आणि त्या बाजूचा पाद्री एकाच देवाकडे एकच मागणं मागत होते, हे त्याला कुणी शिकवायची गरज पडली नाही.

घरी आल्यावर गौरव वगैरे काही झाला नाही. आटपाडीच्या बाजारात एका गांधी टोपीवाल्या पोरगेल्या माणसाने त्याला चारचौघांत विचारलं, की इकडे पत्री सरकारची माणसं इंग्रजाच्या हस्तकांना पत्र्या ठोकत असताना तू कुणासाठी मरायला गेला होतास? दादासोने उत्तर दिलं नाही. खरं उत्तर होतं मेंढरं मेली म्हणून, आणि ते बाजारात सांगण्यासारखं नव्हतं.

पहिल्याच दिवशी तो तानुबाईच्या दारात गेला आणि त्याने तिला सगळं सांगायला तोंड उघडलं. तिने ऐकून घेतलंच नाही. "तू भिऊन पळाला आसशील. त्यो मागं ऱ्हायला. यील," एवढं बोलून ती मेंढवाड्याकडे गेली. त्यानंतर तो समोरून आला की ती पदर ओढून मान फिरवायची.

त्याच्या शब्दावर संशय घ्यायला लोकांकडे आणखी एक कारण होतं, आणि ते ओंगळ होतं. धुळाची बायको अंजना. बाराव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी नवरा पलटणीत, आता एकोणीस वर्षांची. कपाळाला कुंकू, हातात चुडा, आणि अंथरुणाला सोबत सासूची. दादासोचं लग्न राहिलेलं. धनगरांत विधवेचं दुसरं लग्न होतं, त्याला म्होतूर म्हणतात. तेव्हा धुळा मेला असं दादासो का म्हणतो, ते पारावरच्या पंचांनी आपापसांत ठरवून टाकलं. एकाने तर तोंडावर विचारलं, "म्होतराची घाई झाली व्हय रं गड्या?" दादासोने त्याचा पटका धरून त्याला खाली ओढलं. मारलं नाही. पण त्या दिवसापासून धुळाच्या मरणाविषयी तो एक अक्षर बोलला नाही. बोलेल त्याच्यावर बालंट, हे त्याला कळलं होतं.

बाहेरून दिसायचं ते एवढंच: एक तापट, देवाला शिव्या घालणारा, खाकी कोट घालून मेंढरं राखणारा माणूस. आत काय चाललं होतं ते हरणाबाईला थोडं कळत होतं, कारण आईला कळतंच. एकदा भाकरी खाता खाता त्याने विचारलं, की त्या दिवशी बाबांनी पाकळ्या लावल्या तेव्हा दोन्हींना पाणी सारखं होतं का?

हा प्रश्न पुजाऱ्याच्याच घरात पडू शकतो. जास्त ओली पाकळी उशिरा सुटते, कोरडी लवकर पडते. ह्यात चमत्कार काही नाही. दादासो बारा वर्षांचा असताना तात्याबाने त्याला हे दाखवलं होतं आणि म्हणाला होता, "आता तुला ठावं झालं. आता हितनं फुडं आपल्या हाताला भीत जा." दोन्ही बोटांना सारखं पाणी, हीच त्या घराची सगळी विद्या आणि तोच त्यांचा धर्म.

हरणाबाईने तव्यावरची भाकरी उलटली. मग म्हणाली, "तुझ्या बापानं हात जोडल्यालं म्या बघितलं. बोटाकडं न्हाई बघितलं."

म्हणजे काही कळलं नाही. आणि दादासोचा सगळा जीव तिथेच अडकला होता. कारण त्याचा हिशेब सरळ होता. देव खोटा असेल, किंवा बापाने पोटच्या पोरासाठी पाणी कमीजास्त केलं असेल, तर गोळा पडला तो पडला. धुळा गेला, आपण राहिलो, कुणाची चूक नाही. पण देव खरा असेल तर? दोघांचा मिळून एकच कौल मागितला आणि देवाने एकच माणूस परत दिला, कारण कौलही एकच होता. मग धुळाच्या वाट्याचं माघारी येणं दादासोने घेतलं. देव खोटा ठरला तर तो सुटत होता आणि खरा ठरला तर तो धुळाचा मारेकरी होत होता. म्हणून तो उठता बसता देवाला दगड म्हणायचा. ज्याच्या मनात देव उरलेला नसतो त्याला एवढं ओरडावं लागत नाही, हे त्याला कुणी सांगितलं नाही, आणि सांगितलं असतं तरी त्याने ऐकलं नसतं.

दिवाळी झाली. मेंढरं खाली न्यायची वेळ आली. तेवढ्यात जतकडून अंजनाचा भाऊ नानासो आला. शांत, समंजस माणूस. मोठ्याने बोलला नाही. त्याचं म्हणणं एवढंच, की बहीण सवाष्ण असेल तर तिचा नवरा दाखवा, आणि रांडाव असेल तर तिला मोकळी करा. त्याने एक बरं घर बघून ठेवलं होतं. पाच वर्षं ही काही थोडी नाहीत. अंजना चुलीपाशी पाठमोरी बसून होती. तिला कुणी काही विचारलं नाही. पण तिने भाकरी करपू दिली, आणि तिची भाकरी कधी करपत नसे, हे तानुबाईने पाहिलं.

तानुबाई म्हणाली, देवाला विचारू. देव म्हणाला गेला, तर मी हिचं कुंकू माझ्या हाताने पुसून हिला तुमच्याबरोबर लावते. देव म्हणाला आहे, तर पुन्हा ह्या दारात पाय ठेवायचा नाही. नानासो कबूल झाला. मेंढरं निघायच्या आधीचा रविवार ठरला.

आता कौल लावायला हात एकच होता. जोतिबा आला, वडीलधारी माणसं आली, हरणाबाईने पदर पसरला. सगळ्यांना वाटलं, हा नाहीच म्हणणार. दादासो लगेच हो म्हणाला. लोक थक्क झाले, आणि देवाने गर्व उतरवला असं म्हणत घरी गेले.

गर्व वगैरे काही उतरलेला नव्हता. त्याने मनाशी ठरवलं होतं की लबाडी करायची. तानुबाई विचारणार, धुळा जिता आहे का? उजवी पाकळी भरपूर ओली लावायची आणि डावी जवळजवळ कोरडी. डावी पडेल, नाही असं उत्तर येईल, आणि जे खरं आहे ते एकदाचं तिच्या गळी उतरेल. त्याचं तोंड खोटं ठरलं होतं ना, मग दगडाच्या तोंडून खरं सांगू. त्याला त्यात एक प्रकारचा सूडही वाटत होता. सात पिढ्यांनी ज्या हाताची भीती बाळगली तो हात आपण वापरून दाखवू, आणि काही होणार नाही. आभाळ कोसळणार नाही.

रविवारी सकाळी सगळी वाडी देवळापुढे जमली. देऊळ ते केवढं, आत चार माणसं मावतील एवढं. दादासो अंघोळ करून, कोट काढून, बापाचं धोतर नेसून आत बसला. त्याच्या मागे तानुबाई, तिच्या शेजारी अंजना, दाराशी नानासो आणि जोतिबा. ताटलीत पाणी, कण्हेरीच्या दोन पाकळ्या. त्याने उजवी पाण्यात बुडवून चिकटवली, ओघळ खाली आला. डावीला नुसतं ओलसर बोट लावलं. लढाईत तो ह्यापेक्षा कठीण कामं करून आला होता.

"बोल तानू," बाहेरून कुणी म्हातारा म्हणाला.

तानुबाई हात जोडून बसली होती. ओठ हलत होते पण आवाज येत नव्हता. पाच वर्षं रोज सकाळी तिने ह्याच दगडाला एकच प्रश्न विचारला होता, कौलाशिवाय, मनातल्या मनात, आणि तो सगळ्यांना पाठ होता. मग तिने घसा खाकरला आणि म्हणाली, "बिरोबा, जित्ता हाय का म्हनून लय विचारलं. आता न्हाई विचारत. माझं पोर गेलं आसंल, तर उजवा दे. गेला आसंल तर सांग मला, व्हय म्हनून."

दादासोची नजर डाव्या पाकळीवर गेली.

प्रश्न उलटा झाला होता. डावी पाकळी पडली की आता उत्तर होणार: नाही, गेला नाही. जिवंत आहे. आणि डावी पडणारच होती. तिला धरून ठेवायला पाणीच नव्हतं. तिची कड सुटायला लागलेली त्याला दिसत होती. ती पडली की नानासो जाईल, अंजना जन्मभर त्या चुलीपाशी बसेल, आणि ही म्हातारी मरेपर्यंत वेशीकडे बघत राहील. आणि हे देवाने केलेलं नसेल, बापानेही नाही. ह्या खेपेला ते त्याच्याच बोटाने केलेलं असेल.

त्याने हात घातला आणि दोन्ही पाकळ्या ओरबाडून काढल्या.

लावलेला कौल मोडायचा, हे त्या वाडीत कुणी कधी ऐकलेलं नव्हतं. दादासो वळला आणि तानुबाईच्या तोंडाकडे बघत म्हणाला, "गेला त्यो, नानी. त्याला काय विचारतीस? मला विचार. ह्या हातानं म्या त्याला मातीत ठिवला. ह्या हातानं."

तानुबाईने मान फिरवली नाही. ती त्याच्या हातांकडे बघत राहिली. मग तिने अंजनाचं डोकं आपल्या छातीशी ओढलं, आणि तेव्हा तिच्या गळ्यातून जो आवाज निघाला तो बाहेरच्या बायांनी उचलला.

पुढे जे झालं त्याचा दादासोला जन्मभर राग येत राहिला. जोतिबाने मूठभर भंडारा उचलून त्याच्या कपाळाला थापला आणि त्याच्या पायांवर डोकं ठेवलं. बाहेर कुणीतरी 'बिरोबाच्या नावानं चांगभलं' असं ओरडलं. देवाचं वारं अंगात आलं, देव स्वतः बोलला, कौलाची गरजच ठेवली नाही, असं वाडीभर झालं. पारावरच्या ज्या माणसाचा पटका त्याने ओढला होता तो सगळ्यात पुढे. दादासो सांगत राहिला की मी बोललो, मी, दादासो बोललो, देव नव्हे. लोक हात जोडून हसत होते. वारं उतरलं की माणसाला काही आठवत नसतं, हे त्यांना ठाऊकच होतं. खरं सांगायला गेला तेव्हा तो लबाड होता, आणि लबाडी करायला बसला त्या दिवशी तो देव झाला. डोकं फिरायचं तर इथेच फिरायचं.

दुसऱ्या दिवशी धुळाचे दिवस धरायचं, म्हणजे सुतक पाळून त्याची क्रिया करायचं ठरलं. देह नसेल तर ज्वारीच्या पिठाचा पुतळा करून तो जाळतात. सकाळी ओढ्याच्या काठी तानुबाई पीठ मळायला बसली. बाकीच्या बाया जरा लांब होत्या. तिने दादासोला बोलावून समोर बसवलं आणि, पलटणीतून तो आल्यापासून पहिल्यांदा, त्याला विचारायला लागली. ती विचारायची आणि तिचे हात चालू असायचे. अंगाने भरला होता का? भरला होता, त्याने सांगितलं, छाती रुंद झाली होती. तिने पिठाची छाती रुंद केली. मिशी आली होती? आली होती, विरळ. तो रोज आरशात बघायचा आणि सगळे त्याला हसायचे. तिने काडीने ओठांवर बारीक रेघ ओढली. थंडी फार होती का? हो. अंगावर काय होतं? कोट होता, आणि माझं बनियन पण त्यानेच घातलं होतं, दोन दोन घालायचा. खायला मिळत होतं? मिळत होतं, पण भाकरीला तरसायचा.

ती सगळं ऐकत होती. जवळ बसलेली अंजनाही ऐकत होती. तिला हा नवरा आजच भेटत होता. चौदा वर्षांची असताना तिने त्याला नीट पाहिलंही नव्हतं.

मग तानुबाईचे हात थांबले. "माझं नाव घेतलं हुतं का त्यानं?"

ह्या प्रश्नाचं उत्तर जगात सगळीकडे एकच दिलं जातं. दादासोच्या ओठांवरही ते आलं. त्याने मातीकडे पाहिलं. "न्हाई. येळच मिळाला न्हाई, नानी. हूं का चूं न्हाई."

तानुबाईने हाताचं पीठ झाडलं. मग तिने मान डोलवली. "म्हंजी तू खरं बोलतूयास," ती म्हणाली. "व्हय म्हनला आसतास, तर मगाधरनं सांगितल्यालं समदंच खोटं वाटलं आसतं मला."

पुतळा धोतराच्या पट्टीत गुंडाळून शेण्यांवर ठेवला. अग्नी दादासोने दिला, कारण दुसरं कोण होतं? अंजनाचं कुंकू तानुबाईने ओल्या पदराने पुसलं. चुडा तिने फोडू दिला नाही. पुढच्या घरी घालायला लागेल, म्हणाली.

राख ओढ्यात सोडून सगळे परतले तेव्हा दादासो मागे राहिला, आणि तीही राहिली. त्याला विचारायचं होतं ते तीन वर्षं त्याच्या घशात होतं. त्याने कसंबसं विचारलं, "नानी, दोघांचा मिळून कौल मागितला तुमी. धुळाच्या वाटणीचं म्या खाल्लं का?"

दुसरी कुणी असती तर म्हणाली असती, असं बोलू नये बाळा. तानुबाई तसली नव्हती. "तसं वाटतं मला," ती म्हणाली. "तू दिसलास की वाटतं. म्हनून तर तुझ्याकडं बघत न्हवते." मग म्हणाली, "तू मेला आसतास आन त्यो आला आसता, तर हरणीला वाटलं आसतं. त्याला आता काय करायचं?"

"पर देव हाय का?" दादासो म्हणाला. "तेवढं सांग. तो न्हाईच, तर मग कुणी कुणाचं खाल्लं न्हाई."

"मला इचारतूस? पुजारी तू." तिने पदराने तोंड पुसलं. "म्या एवढं सांगते. माझं त्याच्यासंगं लय मोठं भांडान हाय. आजच सुरू झालंय. तू म्हनशील तिथं कोन न्हाई, तर म्या भांडू कुनासंगं? दगडासंगं? तू जा, त्याला अंघोळ घाल, दिवा लाव. आमचं भांडान आमी बघू. तू मधी पडू नगंस."

अंजना चौथ्या दिवशी भावाबरोबर गेली. वेशीवर तिने मागे वळून पाहिलं तेव्हा तानुबाई घरात निघून गेली होती. तिला ते बघायचं नव्हतं. मेंढरं खाली गेली, त्यात तानुबाईचीही दादासोनेच नेली.

त्याआधी, मेंढरं निघायच्या पहाटे, जोतिबाने देवळाची किल्ली मुकाट्याने त्याच्या दारात आणून ठेवली. दादासो शिव्या घालत उठला, आणि गेला. त्याने दगडावर घागर ओतली, हळद लावली, दिवा लावला. बाप ह्यानंतर हात जोडून काहीतरी म्हणायचा. काय म्हणायचा ते दादासोला पाठ होतं, पण ते म्हणवेना, आणि न म्हणता बाहेर पडायलाही पाय उचलेना. दार लोटून तानुबाई आत आली. तिने त्याच्याकडे बघितलंही नाही. देवासमोर बसली, गुडघ्यांवर हात ठेवले, आणि हलक्या, रोजच्या आवाजात, शेजारणीशी बोलावं तशी दगडाला बोलायला लागली.

ते आपण ऐकायचं नाही एवढं दादासोला कळलं. तो बाहेर येऊन पायरीवर बसला आणि तिचं होईपर्यंत थांबून राहिला.